आई, भाचा आणि वंडलूरची पुली

आधी एक कबुली. ‘चेन्नईजवळ मुलांसोबत एक दिवस कुठे जावं?’ असं तुम्ही कधी मोबाईलवर शोधलं असेल, तर वंडलूरच्या प्राणिसंग्रहालयाची माहिती नक्की समोर आली असेल. ती माझ्यासारख्याच कुणीतरी लिहिलेली असते. मी कंटेंट रायटर. दोन वर्षांपूर्वी तिरुवल्लिकेणीतल्या हॉस्टेलच्या खोलीत पंख्याखाली बसून मी त्या जागेवर 800 शब्द लिहून दिले होते. ‘वाघाची डरकाळी ऐकून तुमची मुलं हरखून जातील’ हे त्यातलंच एक वाक्य. तोवर मी वंडलूरला पाऊलही ठेवलं नव्हतं.

आणि खरं सांगू? वाघाच्या डरकाळीनं कुणी हरखून जातं, हे आमच्या घरात कुणालाही पटलं नसतं.

आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातले. हे कळलं की इथल्या ओळखीच्या लोकांचे डोळे चमकतात. “ताडोबा! मग तू तर खूप वाघ पाहिले असशील!” मी एकही पाहिला नव्हता. गावातल्या पुष्कळ जणांनी पाहिलेला नसतो, आणि पाहायची हौसही नसते. जिप्सीत कॅमेरा लावून बसलेला माणूस ज्या वाघासाठी पैसे मोजतो, तोच वाघ दिसू नये म्हणून रात्री शेतावर जागलीला जाणारा माणूस देवाला हात जोडतो. ताडोबा हे नाव कुठून आलं, ठाऊक आहे? तारू नावाचा गोंडांचा एक गावप्रमुख होता, तो वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, अशी कथा सांगतात. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. म्हणजे आमच्या जंगलाला नाव मिळालं तेच मुळी वाघानं मारलेल्या माणसाचं.

आमच्या घरातली गोष्ट 2019 ची. माझी मोठी मावशी, आईची सख्खी बहीण, एप्रिल महिन्यात मोहफुलं वेचायला गेली आणि परत आली नाही.

ज्यांनी मोह पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये, पहाटेच्या सुमाराला टपटप गळतात. उशीर केला तर गुरं खातात, हरणं खातात, दुसरी माणसं वेचून नेतात. त्यामुळे बाया अंधार असतानाच टोपली घेऊन निघतात. झाडाखाली बसून, वाकून, नजर जमिनीवर ठेवून तासन् तास वेचतात. वाघ एरवी उभ्या माणसाच्या वाटेला सहसा जात नाही, पण बसलेला, वाकलेला माणूस अर्ध्या उजेडात त्याला चार पायांचं जनावरच वाटतो, असं जाणकार सांगतात. मोहाच्या आणि मागोमाग येणाऱ्या तेंदूपत्त्याच्या दिवसांत आमच्याकडे अशा बातम्या येतात, त्याचं हे एक कारण.

मावशीबद्दल याहून जास्त इथं लिहीत नाही. हे सगळ्या वयाच्या वाचकांचं मासिक आहे.

काही महिन्यांनी त्या भागातला एक वाघ बेशुद्ध करून पकडला आणि पिंजऱ्यातून नेला. आमच्याकडचे असे वाघ बहुधा नागपूरजवळ गोरेवाड्याला ठेवतात. गावात काही जण म्हणाले तोच, काही म्हणाले तो नव्हे. आईनं दोन्ही ऐकलं आणि कशावरच काही बोलली नाही. एवढंच झालं की त्यानंतर तिच्या तोंडून ‘वाघ’ हा शब्द गेला. बोलायची वेळ आलीच तर ‘तो’. टीव्हीवर दिसला तर चॅनल बदल. आमच्या घरात वाघावर बसलेल्या देवीचं एक कॅलेंडर होतं. देवीचं म्हणून आईनं ते काढलं नाही. पण दुधाचा हिशेब लिहायचा कागद तिनं पिठाच्या खळीनं नेमका खालच्या अर्ध्या भागावर चिकटवला. वर देवी, खाली दूध अर्धा लिटर, एक लिटर. वर्ष संपलं, नवं कॅलेंडर आलं, त्यावरही कागद.

आता तुम्हाला समजेल, की गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आई माझ्या सात वर्षांच्या भाच्याला घेऊन बल्लारशाहहून रात्रीच्या गाडीनं चेन्नईला आली, तेव्हा वंडलूर माझ्या यादीत का नव्हतं.

यादीत बाकी पुष्कळ होतं. तिरुवल्लिकेणी म्हणजे पूर्वीचं ट्रिप्लिकेन. गल्ल्यागल्ल्यांतून एकट्या नोकरदार मुलांच्या ‘मॅन्शन’ नावाच्या खानावळवजा लॉज, मधोमध पार्थसारथीचं देऊळ, दहा-पंधरा मिनिटं चाललं की मरीनाचा समुद्र. आईला समुद्रापेक्षा रत्ना कॅफे आवडलं. तिथं इडलीवर सांबार वाटीनं वाढत नाहीत, ओततात. इडल्या तरंगायला लागल्या तेव्हा आई म्हणाली, “हे तर आंबिलीत पडल्यावानी झालं,” आणि दुसरी प्लेट मागवली. देवळात प्रसादाला चिंचेचा भात मिळाला, पुळियोदरै. ‘पुळी’ म्हणजे चिंच, हे मी तिला सांगितलं. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

देवळाजवळच महाकवी सुब्रमण्यम भारतींचं घर आहे. ते आता स्मारक आहे. भारतींना देवळातल्या हत्तीचा लळा होता, ते त्याला नारळ-केळी नेऊन द्यायचे. 1921 मध्ये त्याच हत्तीनं त्यांना खाली पाडलं. जवळच्या माणसांनी त्यांना हत्तीच्या पायांजवळून ओढून बाहेर काढलं, ते वाचले, पण तब्येत खालावत गेली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते गेले. वय 38. मी ही गोष्ट गाईडसारखी सांगून टाकली. भाच्यानं विचारलं, “लागलं का त्यांना?” आई जरा वेळ भिंतीवरचे फोटो पाहत राहिली, मग म्हणाली, “मंग त्या हत्तीचं का केलं?”

आमच्याकडे ‘का’ म्हणजे ‘काय’, बरं का. त्या हत्तीचं काय केलं? मी विषय बदलला.

वंडलूरचं खूळ काढलं ते भाच्यानं. हॉस्टेलच्या मावशींच्या मुलानं त्याला फोनवर फोटो दाखवले होते. मग काय! “आत्या, तिथं जिराफ आहे, तिथं पाणघोडा आहे, तिथं...” आणि तो आजीकडे पाहून थांबला. त्यालाही घरातला नियम ठाऊक आहे. आई शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “घेऊन जा पोट्ट्याले. मी बाहेर बसून राहीन.”

इथं एक गंमत सांगायची राहून जाईल, म्हणून आत्ताच सांगते. हे वंडलूर जन्माला आलं ते आमच्या तिरुवल्लिकेणीच्याच आसपास. 1855 साली एग्मोरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयाचे प्रमुख होते डॉक्टर एडवर्ड बाल्फोर. संग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी होतेच. त्यांनी काही जिवंत प्राणी ठेवून पाहिले आणि लोकांची झुंबड उडाली. मग त्यांनी कर्नाटकच्या नवाबांना गळ घालून त्यांच्याकडचे प्राणी मिळवले. हे नवाब म्हणजे आमचे शेजारीच, चेपॉकच्या महालातले. क्रिकेटचं मैदान आहे ना, त्याला लागूनच तो लाल महाल. भारतातलं पहिलं सार्वजनिक प्राणिसंग्रहालय असं उभं राहिलं. पुढे 1860 च्या दशकात ते सेंट्रल स्टेशनजवळच्या पार्क टाउनमध्ये गेलं आणि शंभरावर वर्षं तिथंच राहिलं. शहर वाढलं, प्राण्यांना जागा पुरेना. तेव्हा शहराबाहेर वंडलूरच्या राखीव जंगलात नवी जागा घेतली आणि 24 जुलै 1985 ला मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांच्या हस्ते ती लोकांसाठी खुली झाली. नाव अरिग्नर अण्णा प्राणिसंग्रहालय, म्हणजे सी. एन. अण्णादुराई यांचं. क्षेत्र 602 हेक्टर.

602 हेक्टर म्हणजे सहा चौरस किलोमीटर. ऐकायला मोठं वाटतं, आणि चालताना तर फारच वाटतं. पण ताडोबाचा नुसता गाभाच 625 चौरस किलोमीटरचा आहे. हा हिशेब मी 800 शब्द लिहिताना केला नव्हता.

आम्ही बुधवारी गेलो. मंगळवारी वंडलूर बंद असतं. लहान मुलांना कबूल करून मंगळवारी फाटकापर्यंत नेऊ नका, मोठा प्रसंग ओढवेल. पार्क स्टेशनवरून चेंगलपट्टूची लोकल धरायची. तांबरमपर्यंतची गाडी चुकूनही धरू नका, ती वंडलूरच्या अलीकडेच थांबते. खिडकीतून मी आईला म्हटलं, “जुना झू इथंच होता, या स्टेशनाशेजारी.” ती म्हणाली, “एवढ्या गोंगाटात? रात्री झोपत कसे असतील ते?” पाऊण-एक तासात वंडलूर आलं. तिथून रिक्षानं फाटक.

फाटकावर पिशव्या तपासतात, प्लास्टिक आत नेऊ देत नाहीत. आईच्या पिशवीतून एकामागून एक निघालं ते असं: चिवड्याची पिशवी, शंकरपाळ्यांची पिशवी, बेसनाच्या लाडवांची पिशवी आणि रिकाम्या पिशव्यांची एक पिशवी. तिथला सुरक्षा रक्षक हसायला लागला. आम्ही बाजूला कट्ट्यावर बसून निम्मा फराळ संपवला आणि उरलेला स्टीलच्या डब्यात कोंबला. मी तोवर तिकिटं काढून आले. सवयीनं तीन काढली.

“तीन कायले?”

“आई, चुकून. राहू दे, तू बस इथं.”

“परत घेतील का पैसे?”

“नाही घेत.”

आई उठली. साडीवरचे चिवड्याचे कण झटकले आणि फाटकातून आत आली. तुमच्या घरातही अशी एखादी बाई असेल, तर तुम्हाला आश्चर्य वाटणार नाही. भीती एकीकडे, आणि विकत घेतलेलं तिकीट वाया जाणं एकीकडे.

आत शिरल्यावर पहिला अर्धा तास फार मजेत गेला. पावसाळी ढग होते, पण पाऊस थांबला होता. रस्ते रुंद, दोन्ही बाजूंना झाडी. 12 डिसेंबर 2016 च्या वरदा चक्रीवादळात इथली हजारो झाडं पडली होती, तरी आता पुष्कळ सावली आहे. पाय दुखणाऱ्यांसाठी बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आहेत. आईनं त्या नाकारल्या. “शेतात चालतोच ना आपण.”

नीलगाईंच्या कुंपणापाशी एक कुटुंब सेल्फी घेत होतं. आईनं पाहिलं आणि तिला हसू आवरेना. “बापा! रोह्याचे फोटो काढून रायले!” नीलगाय म्हणजे आमच्याकडचा रोही. रात्री कळपानं येतो आणि हरभरा, तूर, जे उभं असेल ते फस्त करतो. त्याला हाकलायला माणसं थंडीत मचाणावर बसतात. “आपल्या वावरात ये म्हनावं, फुकट दाखवते,” असं ती त्या कुटुंबाला मराठीतून सांगू लागली. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी हसून भाच्याच्या हातावर दोन चॉकलेटं ठेवली. अस्वल दिसलं तेव्हा तर ती माहेरचं कुणी भेटल्यासारखी थांबली. अस्वलालाही मोह आवडतो. मोहाखाली अस्वलाची आणि बायांची गाठ पडते, त्याच्या गोष्टी तिनं भाच्याला सांगितल्या. मी तिच्या तोंडून ‘मोह’ हा शब्दही बऱ्याच वर्षांनी ऐकला.

जिराफ झाला, पाणघोडा झाला. सिंहपुच्छ वानरांना पाहून भाचा म्हणाला, “हे आबांसारखे दिसतात.” पांढऱ्या आयाळीतून पाहणारं ते काळं, गंभीर तोंड खरोखरच आमच्या आबांसारखं होतं. घरी सांगू नका.

सिंहांपाशी मी आईला नीलाबद्दल सांगितलं. 2021 च्या जूनमध्ये इथल्या सिंहांना करोना झाला. नीला नावाची नऊ वर्षांची सिंहीण 3 जूनला गेली, त्याच महिन्यात पद्मनाथन नावाचा म्हातारा सिंहही गेला. बाकीच्यांना डॉक्टरांनी औषधपाणी करून वाचवलं. प्राणिसंग्रहालय तेव्हा लोकांसाठी बंद होतं. आई म्हणाली, “मंग त्याले कुठून आला?”

“माणसाकडूनच आला असेल. दुसरं कोण जातं त्यांच्याजवळ?”

ती कठड्याला धरून बराच वेळ सिंहाकडे पाहत होती. “मानसानं देल्लं त्याले,” एवढंच म्हणाली.

मग वाघ. मला वाटलं होतं आपण तो रस्ता टाळू. पण भाचा पुढे पळाला होता आणि एका खंदकाच्या कठड्याला लटकून ओरडत होता, “आत्या, आत्या, आत्या!” त्यालाही शब्द उच्चारायचा धीर होत नव्हता. शेजारी एक कर्मचारी उभा होता, खराटा घेऊन. त्यानं भाच्याला कौतुकानं विचारलं, “पुली पात्तिया?” पुली पाहिलीस?

“आत्या, पुली म्हणजे काय?”

मी आईकडे पाहिलं. ती दहा पावलं मागे, लोकांच्या पाठींआड उभी होती, पदर तोंडाशी धरून. मी हळूच म्हटलं, “पुली म्हणजे... तो. तमिळमध्ये त्याला पुली म्हणतात.”

“कालच्या भातात होती ती?”

“ती पुळी. चिंच. ही पुली.”

भाचा खदखदून हसला. “आजी, चिंच आहे चिंच! ये ना!” आणि आई पुढे आली. मी अजून विचार करते की ती कशामुळे आली. एखाद्या नावाची भीती दुसऱ्या भाषेत लागू होत नसेल का? माहेरची शिवी परमुलखात साधा शब्द होऊन जाते, तसं काही?

खंदकापलीकडे गवत होतं, पाण्याचं एक डबकं, थोडी झाडं. वाघ आमच्याकडे पाहत नव्हता. तो एका झाडापासून भिंतीपर्यंत जात होता, वळत होता, परत त्या झाडापर्यंत येत होता. त्याच्या येण्याजाण्यानं गवतात पायवाट पडली होती. अंगावरचे पट्टे, खांद्याची हालचाल, सगळं तुम्ही व्हिडिओत पाहता तसंच. पण इतका मोठा असतो हे व्हिडिओत कळत नाही. माझ्या पोटात गोळा आला. मोठी मावशी पाच फुटांचीही नव्हती.

लोक शिट्ट्या मारत होते, कुणी ‘हुर्रर्र’ करत होतं. त्यानं मान वळवली नाही. डरकाळी वगैरे काही नाही.

आई बराच वेळ पाहत होती. मग तिनं मला कोपरानं ढोसलं. “यानं का केलं होतं?”

मला आधी कळलंच नाही. “म्हणजे?”

“याले कायले पकडून आनलं? यानं का केलं होतं?”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे वाघ पिंजऱ्यात जातो तो कुणाला मारल्यावरच. निदान तसा आरोप आल्यावर. आईनं उभ्या आयुष्यात दुसऱ्या कारणानं कोंडलेला वाघ ऐकला नव्हता. तिच्या लेखी हे तुरुंग होतं आणि समोरचा गुन्हेगार. ती त्याचा गुन्हा विचारत होती.

मी माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये त्या कर्मचाऱ्याला विचारलं. आधी त्याला प्रश्नच समजला नाही, समजल्यावर तो हसला आणि खराट्यानं खालची जमीन दाखवून म्हणाला, “ओण्णुम पण्णले, अम्मा. इंगदान पोरंदुच्चु.” काही नाही केलं. इथंच जन्मला.

मी आईला सांगितलं. “इथंच?” तिनं दोनदा विचारलं. “मंग याले जंगल मालूमच नाही?” कर्मचाऱ्यानं आणखी थोडं सांगितलं, मला समजलं तेवढं मी तिला सांगितलं. त्याला ठरावीक वेळेला मांस मिळतं, रात्री आतल्या खोलीत घेतात, आठवड्यातला एक दिवस उपाशी ठेवतात. ही पद्धत बहुतेक प्राणिसंग्रहालयांत असते. जंगलात तरी त्यांना रोज कुठे शिकार मिळते? ‘उपास’ ऐकून आईनं पदर तोंडावरून काढला. ती स्वतः महाकालीचा मंगळवार धरते.

भाच्याला चॉकलेटं खायची होती म्हणून आम्ही जवळच्या बाकावर बसलो. आईनं डबा उघडला, लाडू काढला आणि तो हातातच धरून बोलायला लागली. माझ्याकडे पाहत नव्हती. समोर वाघ दिसत होता, अर्धा, झाडाच्या फांदीमागून.

“त्या दिवशी मीही जानार होती. रात्रीच ठरलं होतं आमचं. माई पहाटे आवाज द्यायले आली. मी म्हनलं, तू हो पुढं, मी पोरीचा डबा करून येते. तुझी परीक्षा होती.”

माझी परीक्षा होती. बी.ए.च्या पहिल्या वर्षाची, इंग्रजी साहित्याचा पेपर. मला सहाची बस धरायची होती. आदल्या रात्री मी कुरकुर केली होती की शिळी भाकर नेणार नाही. त्या डब्यात काय होतं हे मला अजून आठवतं: गरम पोळ्या आणि वांग्याची भाजी. सहा वर्षांत आईनं हे मला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं बहुतेक.

“दोघी असतो तर तो आला नसता,” ती म्हणाली. “नाहीतर दोघीलेही नेलं असतं. का सांगावं.”

मला काय बोलावं ते सुचलं नाही. शब्द विकून पोट भरणाऱ्या मुलीची ही गत. मी तिच्या हातातला लाडू अर्धा मोडून घेतला आणि खाल्ला. तिनं उरलेला खाल्ला. भाचा म्हणाला, “आजी, पुली बसली!” आणि खरंच, वाघ त्या पायवाटेच्या मध्येच पाय दुमडून बसला होता. आई उठून परत कठड्यापाशी गेली. या वेळी भाच्याचा हात धरून, सगळ्यात पुढे.

तुम्ही विचाराल, मग प्राणिसंग्रहालय चांगलं की वाईट? मी तिथून आल्यापासून याचं सोपं उत्तर शोधणं सोडून दिलं आहे. गवतातली ती पायवाट मला आवडली नाही. सहा चौरस किलोमीटरचं जंगल असलं तरी त्या वाघाच्या वाट्याला त्यातला एक तुकडा येतो, आणि ताडोबात एकेक वाघीण कित्येक चौरस किलोमीटर स्वतःसाठी राखून असते. पण वंडलूरला मागच्या बाजूला एक बचाव केंद्रही आहे. 1998 साली सरकारनं सर्कशीत वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकडं नाचवायला बंदी घातली, तेव्हा सुटलेल्या प्राण्यांचं करायचं काय, असा प्रश्न आला. चाबकाच्या तालावर स्टुलावर चढणं शिकलेल्या सिंहाला जंगलात सोडता येत नाही. देशात अशा प्राण्यांसाठी जी थोडी केंद्रं झाली, त्यांतलं एक हे. तिथं आपल्याला जाता येत नाही, आणि ते बरंच आहे. आणि गोरेवाड्याला पिंजऱ्यात बसलेल्या आमच्याकडच्या वाघांचं तरी दुसरं काय करायचं होतं? गावात ठेवायचे, की गोळी घालायची? ज्यांच्या घरातलं माणूस गेलं नाही ते या प्रश्नाचं उत्तर फार पटकन देतात, दोन्ही बाजूंनी.

एक मात्र सांगते. मुलांना नेलंत तर शिट्ट्या मारू नका, मारू देऊ नका. आणि फिरत असलेल्या वाघाला पाहून ‘कसा ऐटीत चालतोय’ असं म्हणू नका.

परतीच्या लोकलमध्ये भाचा माझ्या मांडीवर झोपला. आई खिडकीशी बसली होती. पल्लावरमच्या आसपास ती अचानक म्हणाली, “त्याच्या मिशा पाहिल्या का तू? पांढऱ्या फटक.” मी म्हटलं, “कुणाच्या?” तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मूर्ख आहे. “पुलीच्या.”

दोन दिवसांनी ती दोघं गावी परतली. माझं ते 800 शब्दांचं काम ज्यांच्यासाठी केलं होतं त्यांना मी मेल करून डरकाळीचं वाक्य काढायला सांगितलं. जुन्या मजकुराला हात लावत नाहीत, असं उत्तर आलं. म्हणजे ते वाक्य अजून कुठेतरी आहे. तुम्ही वाचलं असेल तर विसरून जा.

नव्या वर्षाच्या कॅलेंडरबद्दल मी भावाला गुपचूप विचारलं. तो म्हणाला, दुधाचा कागद आहेच, पण या वर्षी बाजूला लावलाय, खिळ्याला दोऱ्यानं बांधून.

आईचा फोन दर मंगळवारी दुपारी येतो. उपास असतो, स्वयंपाक नसतो, तिला वेळ असतो. आधी माझ्या जेवणाची चौकशी, मग शेतातल्या रोह्यांच्या तक्रारी. मग मधेच थांबते आणि म्हणते, “आज बंद असन ना तिकडं? आज पुलीची सुट्टी. आज तिले कोनी शिट्या मारत नसन.”